मायकेल ब्रॅडली: प्रशिक्षकाचा पोरगा, टकला कप्तान आणि एक जुनं भांडण

लेकशोअर_पक्या

नमस्कार मंडळी,

इथे फुटबॉलचे धागे निघतात ते मेस्सी-रोनाल्डोचे, नाहीतर वर्ल्ड कप तोंडावर आला की. अमेरिकन मिडफिल्डरवर धागा म्हटल्यावर अर्धी जनता इथूनच मागे फिरेल. फिरू दे.

डिसेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्क रेड बुल्सने मायकेल ब्रॅडलीला मुख्य प्रशिक्षक नेमलं आणि माझ्या डोक्यात जुनं सगळं परत सुरू झालं. २००४ च्या ड्राफ्टमध्ये (लीगचे क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, ते) याच क्लबने त्याला उचललं होतं. तेव्हा क्लबचं नाव मेट्रोस्टार्स. पोरगा सोळा वर्षांचा, ३६ व्या क्रमांकावर निवडला गेला. आणि निवडणारा प्रशिक्षक कोण? बॉब ब्रॅडली. सख्खा बाप.

'बापाच्या वशिल्याने आला' ही शिवी इथून जी चिकटली ती वीस वर्षं सुटली नाही. पुढे २००६ च्या अखेरीस बॉब अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला, पोरगा मधल्या फळीत पक्का झाला, आणि लोकांना आयतं कोलीत मिळालं.

आता मला सांगा, जानेवारी २००६ मध्ये अठराव्या वर्षी तो नेदरलँड्सला हेरेनवेनमध्ये गेला, तिथे बापाची कोणती ओळख होती? (या क्लबच्या निळ्या-पांढऱ्या जर्सीवर लाल बदाम दिसतात. ते बदाम नाहीत, फ्रिसलंडच्या झेंड्यावरची कमळाची पानं आहेत. मला हे कळायला चार वर्षं लागली.) २००७-०८ च्या हंगामात त्याने तिथल्या लीगमध्ये १६ गोल मारले. मधल्या फळीत खेळून, विसाव्या वर्षी. मग जर्मनीत म्योन्शेनग्लाडबाख, थोडे महिने इंग्लंडात ॲस्टन व्हिला, मग इटलीत किएव्हो आणि तिथून थेट रोमा. डच, जर्मन, इंग्रज, इटालियन, कोणाला बॉबचं भय होतं?

जानेवारी २०१४ मध्ये, ऐन सव्विसाव्या वर्षी, वर्ल्ड कपला पाच महिने उरलेले असताना तो रोमा सोडून आमच्या टोरांटोच्या क्लबात आला. पगार वर्षाला साधारण ६५ लाख डॉलर. 'पैशासाठी आला' ही दुसरी शिवी तिथून सुरू झाली.

मी तेव्हा टोरांटोत नवा होतो. ऑफिसातल्या एकाने फुकट तिकीट दिलं म्हणून बीएमओ फील्डला, म्हणजे क्लबच्या मैदानावर, गेलो आणि नंतर स्वतःच्या पैशाने जात राहिलो, थेट २०२३ मध्ये तो निवृत्त होईपर्यंत. पण ब्रॅडली बघायचा कसा, हे मला शिकवलं माझ्या सासऱ्यांनी. सासरे कोल्हापूरचे. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून आयुष्य गेलेलं. २०१७ च्या उन्हाळ्यात ते आमच्याकडे आले होते. इंग्रजी येत नाही, टीम माहीत नाही, कोण कोणाविरुद्ध ते विचारलंही नाही. वीसेक मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, "जावईबापू, ह्यो टकल्या बघा. चेंडू यायच्या आधीच त्येला ठावं असतंय कुनाला द्यायचा."

मग मीही चेंडू सोडून टकल्याकडे बघायला लागलो. चेंडू समोरून यायच्या आधी हा उजव्या खांद्यावरून मागे बघायचा, मग डाव्या. चेंडू आला की एका स्पर्शात पुढे. मधल्या काळात तोंड अखंड चालू, हात अखंड दाखवतोय: तू इकडे सरक, तू मागे ये. नव्वद मिनिटं हेच. यातलं काहीच हायलाइट्समध्ये येत नाही.

तर प्रश्न असा: हा माणूस खरोखर मोठा होता, की मी नऊ वर्षं एका बाजूच्या स्टँडात बसून भक्त झालोय?

---

खडूस_सदाशिव

भक्त झालाय. निकाल दिला, धागा बंद करा.

आता गंभीरपणे. वशिल्याचं मी सोडून देतो. माझा आक्षेप वेगळा आहे. मोठ्या क्षणी हा माणूस कुठे होता?

२००९, कॉन्फेडरेशन्स कपची उपांत्य फेरी. अमेरिकेने स्पेनला २-० हरवलं. तोच स्पेन, जो ३५ सामने हरला नव्हता. जिंकत आलेल्या सामन्यात शेवटच्या पाच मिनिटांत साहेबांनी उशिरा टॅकल घातला, लाल कार्ड घेतलं आणि ब्राझीलविरुद्धची फायनल बाहेर बसून पाहिली. अमेरिका २-० पुढे होती, ३-२ हरली.

२०१४, मानाउस. पोर्तुगालविरुद्ध २-१ पुढे, ९५ वं मिनिट. मध्यावर चेंडू कोणाच्या पायातून गेला? तिथून रोनाल्डोचा क्रॉस, व्हारेलाचं डोकं, २-२.

२०१६, तुमच्याच अंगणात एमएलएसची, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या लीगची, फायनल. पेनल्टी वाया. २०१८, उत्तर अमेरिकेतल्या क्लबांच्या चँपियन्स लीगची फायनल, मेक्सिकोच्या ग्वादालाहाराविरुद्ध. पुन्हा पेनल्टी वाया. आणि २०१७, कूवा. त्याबद्दल न बोललेलं बरं.

एवढा योगायोग नसतो हो.

---

म्हापश्याचो

खडूसराव, यादी छान केलीत. आता दुसरीही करतो.

२०१० चा वर्ल्ड कप, स्लोव्हेनियाविरुद्ध. मध्यंतराला ०-२. डोनोव्हनने एक फेडला. ८२ व्या मिनिटाला स्ट्रायकर आल्टिडोरने डोक्याने खाली दिलेला चेंडू मधल्या फळीतून धावत येऊन बुटाच्या टोकाने जाळ्याच्या छतात घातला तो कोणी? मायकेल ब्रॅडली. तो गोल नसता तर अमेरिका त्याच दिवशी जवळजवळ घरी. पुढे अल्जीरियाविरुद्ध डोनोव्हनचा ९१ व्या मिनिटाचा गोल सगळ्यांना आठवतो. त्या गोलापर्यंत टीमला पोचवलं कोणी, ते नाही आठवत.

आम्हां गोयकारांना हे नवीन नाही. गावच्या मैदानावर सुद्धा फॉरवर्डला चहा मिळतो आणि डिफेन्सिव्ह हाफला शिव्या. मी अकरा वर्षं तिथेच खेळलो.

२०१४ च्या त्या पोर्तुगाल सामन्याबद्दल एक: तो त्याच्या जागेवर खेळतच नव्हता. तेव्हाच्या प्रशिक्षकाने, क्लिन्समनने, त्याला पुढे ढकललं होतं, स्ट्रायकरच्या मागे. ज्या माणसाचा सगळा जीव समोरचं मैदान वाचण्यात, त्याला गोलकडे पाठ करून उभा केला. तरी गटसाखळी संपली तेव्हा स्पर्धेत सर्वांत जास्त धावलेला खेळाडू तोच होता, तीन सामन्यांत सुमारे ३८ किलोमीटर. मानाउस म्हणजे ॲमेझॉनचं जंगल, जून महिना. ९५ व्या मिनिटाला पाय जड झाले असतील की नाही?

---

खडूस_सदाशिव

धावणं म्हणजे खेळणं असतं तर आमच्या सोसायटीतले जोशीकाका वर्ल्ड कप खेळले असते.

---

रोमन_हॉलिडे_पिंपरी

मी २०१२ ते १४ शिकायला रोममध्ये होतो, म्हणून थोडी भर.

तिथे सुरुवातीला सगळे हसले होते. टोट्टी आणि डी रोस्सीच्या टीममध्ये अमेरिकन? मग हळूहळू 'कॅप्टन अमेरिका' म्हणायला लागले. आधी चेष्टेने, नंतर प्रेमाने. आधी किएव्होला होता. व्हेरोनाचा छोटा क्लब, टोपणनाव 'उडती गाढवं'. कारण शेजारच्या मोठ्या क्लबचे लोक म्हणायचे की गाढवं उडतील तेव्हा हे पहिल्या श्रेणीत येतील. आले. अशा क्लबातून वर आलेल्याबद्दल इटलीत आपसूक जिव्हाळा असतो.

२०१३ च्या शरद ऋतूत रोमाने हंगामाचे पहिले दहा सामने ओळीने जिंकले, सेरी आ मध्ये विक्रम. त्यातला नववा उदिनेला. माइकॉनला लाल कार्ड, रोमा दहा जणांवर, ०-०. ब्रॅडली घोट्याच्या दुखापतीतून नुकताच उठलेला, बदली म्हणून आला. ८२ व्या मिनिटाला पेटीच्या कडेवरून जमिनीलगत मारला, आत. मी ज्या बारमध्ये होतो तिथल्या म्हाताऱ्या मालकाने काउंटरवर दोन्ही हात आपटले आणि 'लामेरिकानो!' म्हणून जी आरोळी ठोकली ती अजून कानात आहे.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर डी रोस्सी, स्ट्रूटमन, प्यानिच असे तिघे असताना पहिल्या अकरात त्याची जागा पक्की नव्हती, आणि जानेवारीत नाइंगोलान आला. राहिला असता तर बाकावर बसला असता. टोरांटोने कप्तानी आणि पैसा दोन्ही दिलं. सव्विसाव्या वर्षी मीही गेलो असतो. मी तर नुसत्या पैशासाठी पिंपरीला परत आलो.

---

स्वाती_हॅकेन्सॅक

न्यू जर्सीहून. ब्रॅडली आमच्याच राज्यातला, जन्म प्रिन्स्टनचा, कारण तेव्हा बॉब तिथल्या विद्यापीठाच्या संघाचा प्रशिक्षक होता.

वशिल्याबद्दल बोलताय म्हणून सांगते. माझी मुलगी बारा वर्षांची, क्लबमध्ये खेळते. इथे लहान मुलांचं फुटबॉल म्हणजे पालकांच्या खिशाचा खेळ आहे. फी वेगळी, युनिफॉर्म वेगळा, दर दुसऱ्या शनिवार-रविवारी तीन तास गाडी चालवून स्पर्धेला जा, हॉटेलात राहा. एका क्लबने आम्हाला हंगामाच्या मध्यात 'अजून एवढे भरा' सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, हिला बुद्धिबळ शिकवू. अशा देशात ज्याच्या घरातच प्रशिक्षक आहे त्याला फायदा झालाच असणार. बापाने फोन फिरवला म्हणून म्हणत नाही मी. चौथ्या वर्षापासून जेवणाच्या टेबलावर तेच बोलणं, बॉब शिकागो फायरचा प्रशिक्षक असताना ट्रेनिंग मैदानाच्या कडेला गेलेलं बालपण. हा वशिला नाही, पण इतरांना न मिळालेली शिकवणी आहे.

आणि हो, सगळे पुरुषांचंच बोलताय. अमेरिकन मिडफिल्डर म्हणजे माझ्या लेखी आमची डेलरानची कार्ली लॉइड. २०१५ ची वर्ल्ड कप फायनल, जपानविरुद्ध, १६ मिनिटांत तीन गोल, तिसरा थेट मध्यरेषेवरून. ब्रॅडलीचे दहा धागे काढा, असा एक क्षण दाखवा.

---

लेकशोअर_पक्या

स्वातीताई, लॉइडपुढे हात जोडले. पण क्षण दाखवतो.

११ जून २०१७, मेक्सिको सिटी, ॲझ्टेका. समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरच्या वर, अमेरिकेला तिथे श्वास घ्यायची मारामार. तीन दिवसांत दुसरा सामना म्हणून प्रशिक्षक अरीनाने सात बदल केले होते, ब्रॅडली मात्र होता. सहावं मिनिट. मेक्सिकोचा चिचारितो मागे पास देतो. हे महाशय आधीच तिथे निघालेले, कारण मान वळवून झालेली! चेंडू कापला, दोन-तीन स्पर्श पुढे नेला, डोकं वर केलं. त्यांचा गोलरक्षक ओचोआ गोल सोडून पुढे आलेला. चाळीस यार्डांवरून वरून टाकला. ओचोआ मागे पळतोय, पळतोय, आणि चेंडू जाळ्यात. सामना १-१ सुटला. मी तो गोल सासऱ्यांना सहा वेळा दाखवला. सातव्यांदा म्हणाले, "आता जेवाय घाला."

खडूसराव, आता २०१६. १० डिसेंबर, मी तिथे होतो. तापमान शून्याखाली, पायात दोन मोजे, तरी बोटं कळत नव्हती. सिॲटलने १२० मिनिटांत गोलवर एकही नीट फटका मारला नाही. एकही. आमच्या आल्टिडोरचं जादा वेळेतलं हेडर, गोलमध्ये जात असलेलं, फ्रायने मागे झेपावत एका हाताने बाहेर काढलं. तो फ्राय आधी आमचाच गोलरक्षक होता, हे मीठ वेगळं. मग शूटआउट. ब्रॅडलीची पेनल्टी त्यानेच अडवली, मॉरोची क्रॉसबारला लागली, ०-० चा सामना ५-४ ने गेला.

आमच्या रांगेतल्या एका बाईंनी रडत रडत मला थर्मासमधला चहा दिला. मैदानावर ब्रॅडली कमरेवर हात ठेवून उभा. मग एकेकाला उठवत फिरला.

पुढच्या वर्षी तेच मैदान, तोच सिॲटल, पुन्हा डिसेंबर. या वेळी चार जणांच्या चौकटीत सगळ्यात मागचा कोपरा त्याच्याकडे, आणि सिॲटलच्या लोडेइरोला त्याने दिवसभर चेंडू नीट लागू दिला नाही. ६७ व्या मिनिटाला आल्टिडोर, शेवटी व्हास्केस, २-०. लीगचा करंडक, साखळीतलं पहिलं स्थान आणि कॅनडाचा कप, तिन्ही एका वर्षात. एमएलएसमध्ये त्याआधी कोणी केलं नव्हतं. करंडक उचलला कोणी?

---

निळूभाऊ_नेरुळ

कूवाचं कोणी बोलायला तयार नाही म्हणून मी बोलतो, कारण माझी त्यात बारीकशी गोष्ट आहे.

११ ऑक्टोबर २०१७ ची सकाळ. लोकलमध्ये मोबाइलवर वाचलं: त्रिनिदादमधल्या कूवात अमेरिका १-२ हरली. वर्ल्ड कप गाठायला नुसती बरोबरी पुरत होती. ओमार गोन्सालेसचा स्वयंगोल, मग आल्विन जोन्सचा लांबून, पुलिसिकने एक फेडला आणि बस. त्याच वेळी पनामा आणि होंडुरास दोघे जिंकले. १९८६ नंतर पहिल्यांदा अमेरिका वर्ल्ड कपबाहेर.

आणि दुसऱ्याच दिवशी, १२ तारखेला, अमेरिकेची १७ वर्षांखालची पोरं आमच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोलंबियाविरुद्ध! माझ्याकडे तिकीट होतं. (आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव ज्या संघात होता तो भारताचा संघ त्याच वेळी दिल्लीत घानाविरुद्ध.) सार्जंट, टिम वीआ ही सगळी पोरं. मी मुलाला म्हटलं, बघ, यांच्या काकांनी काल घर बुडवलंय, यांचे चेहरे बघ. चेहऱ्यांवरून काही कळलं नाही. पण हरले, ३-१.

पाच वर्षांनी कतारमध्ये वीआने वेल्सविरुद्ध गोल मारला. ब्रॅडली तेव्हा टीममध्ये नव्हता.

---

म्हापश्याचो

निळूभाऊ, भारी. त्यानंतर आल्टिडोर आणि ब्रॅडलीला अमेरिकेतल्या परक्या मैदानांवर चेंडू पायात आला की हुर्यो व्हायची. अटलांटात सत्तर हजारांनी केली. त्याच माणसाने सहा-सात आठवड्यांत तुमचा तो करंडक उचलला. याला काय म्हणायचं ते खडूसरावांनी सांगावं.

---

खडूस_सदाशिव

ठीक आहे. कातडी जाड होती, मान्य.

पण एक विचारतो, भांडायला नाही. २०२१ च्या अखेरीस बॉब टोरांटोचा प्रशिक्षक झाला. पुन्हा बाप-लेक. जून २०२३ मध्ये बापाला काढलं, टीम त्या वर्षी सगळ्यात तळाला, पोरगा निवृत्त. त्याबद्दल भक्त गप्प का?

---

लेकशोअर_पक्या

गप्प कारण ते बघवत नव्हतं. ब्रॅडली पस्तिशीत, पायाच्या दुखण्याने त्या वर्षी बराच काळ बाहेर. इटलीहून इन्सिन्ये आणि बेर्नार्देस्की प्रचंड पगारावर आणलेले, ड्रेसिंग रूममधली धुसफूस पेपरात येत होती. बॉबला काढलं त्या दिवशी ब्रॅडली क्लबचा कप्तान होता. घरी जेवायला बसल्यावर काय बोलले असतील, देव जाणे. वशिल्याची किंमत म्हणा हवं तर. एकदा आडनावाने चढला म्हणालात की बापाबरोबर पडलासुद्धा म्हणायला लागेल.

आणि एक आठवण, जी मी कोणाला सांगत नाही. १५ ऑक्टोबर २०१९, बीएमओ फील्ड, कॅनडा विरुद्ध अमेरिका. ब्रॅडली त्याच्या रोजच्या मैदानावर, पण परक्या जर्सीत. मी नुकताच कॅनडाचा नागरिक झालेला, लाल टी-शर्ट घालून आलेला. आल्फोन्सो डेव्हिसने गोल मारला, कॅनडा २-० जिंकला, अमेरिकेविरुद्ध ३४ वर्षांनी पहिला विजय. मी नाचलो. नंतर कळलं, तो त्याचा देशासाठीचा १५१ वा आणि शेवटचा सामना होता. त्याच्यापुढे फक्त कोबी जोन्स आणि डोनोव्हन. शेवटच्या दिवशी मी त्याच्याविरुद्ध ओरडत होतो.

---

रोमन_हॉलिडे_पिंपरी

निवृत्तीनंतर नॉर्वेत स्टाबेकला बापाचा सहायक म्हणून गेला होता ना? म्हणजे चौथ्यांदा!

---

लेकशोअर_पक्या

हो, गेला. पण २०२५ मध्ये रेड बुल्सची दुय्यम टीम एकट्याने घेतली आणि पहिल्याच वर्षी त्या लीगचं विजेतेपद काढलं. मगच वरची खुर्ची मिळाली.

---

स्वाती_हॅकेन्सॅक

त्यांचं मैदान हॅरिसनला, आमच्या घरून अर्धा तास. मुलीला घेऊन जाणार आहे. तिच्या प्रशिक्षक तिला हेच सांगतात: चेंडू यायच्या आधी मागे बघ. ती बघते, पण मैदानाकडे नाही, मी व्हिडिओ काढतेय का ते. पक्या, टोरांटोहून येणार असशील तर आमच्याकडेच उतर. खडूसरावांनाही आमंत्रण.

---

खडूस_सदाशिव

व्हिसा मिळाला तर येईन. सामन्यानंतर यादी वाढवीन.

---

लेकशोअर_पक्या

येतो, नक्की. सासरे पुन्हा येतायत उन्हाळ्यात, त्यांनाही आणेन म्हणून काल फोन केला. म्हटलं, तुमचा टकल्या आता कोच झालाय, न्यूयॉर्कला बघायला जाऊ.

म्हणाले, "खेळनार न्हाई व्हय? मग नुस्ता उभा ऱ्हायल्याला बघाय एवढं लांब कशाला जायाचं?"

आणि फोन ठेवायच्या आधी: "तिकीट कडंचं काढू नगा. मधलं काढा."